इथे सगळे मला ‘शांत मुलगी’ म्हणतात

पत्र लिहिणारी मुलगी 16 वर्षांची आहे. वर्षभराच्या स्टुडंट एक्स्चेंजवर जानेवारीच्या शेवटी ती ब्राझीलला गेली आणि आता मिनास जेराइस राज्यातल्या एका मध्यम शहरात होस्ट कुटुंबात राहते. घरात आई-बाबा, 17 वर्षांची होस्ट बहीण आणि अंगणापलीकडच्या खोल्यांत आजी. सगळी माणसं प्रेमळ आहेत, असं ती स्वतःच लिहिते. बहिणीचं इंग्रजी उत्तम, शिवाय शाळेतही दोघी एकाच वर्गात, उच्च माध्यमिकच्या तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून हिचं सगळं बोलणं बहिणीमार्फत होतं. पाच महिने होत आले, तरी पोर्तुगीज तोंडातून येत नाही. जेवताना सगळे भराभर बोलतात, हसतात आणि ही ताटाकडे बघत बसते. मार्चमध्ये वर्गात नारळपाण्याबद्दल काहीतरी सांगताना उच्चार चुकला, अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तिने वर्गात पोर्तुगीज बोलणं सोडलं आहे. मुली ‘वामुस मार्कार’, म्हणजे ‘भेटायचं ठरवू या’ असं म्हणतात आणि पुढे कुणीच काही ठरवत नाही. रोज रात्री साडेनऊला ती खोलीत जाते आणि तासभर आईशी फोनवर बोलते.

ती लिहिते: “मी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मुलगी आहे. इथे होस्ट आई पाहुण्यांना माझी ओळखच ‘ही फार शांत आहे’ अशी करून देते. मी शांत नाहीये, ताई. आमच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या की हवं तर कुटुंब बदलता येईल. इंग्रजी न येणाऱ्या घरात जाऊ का? की सरळ परत जाऊ? आई-बाबांनी एवढा खर्च केलाय, त्यांना काय सांगू?”

*

प्रिय मैत्रिणी,

‘मी शांत नाहीये, ताई’ या तुझ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. भाषा येत नाही हे दुःख तू चार ओळींत उरकलं आहेस. ज्या घरात तू राहतेस त्या घराला तू कोण आहेस हेच माहीत नाही, हे खरं टोचणारं दुःख आहे. तिकडे बोलण्यावर टाळ्या मिळवणारी मुलगी इथे ‘मीठ दे’ म्हणायलाही चाचरते. यात कमीपणा वाटणं अगदी स्वाभाविक आहे आणि तुझ्या वयात ते फार जोरात लागतं. म्हणून आधी हे स्पष्ट सांगते: तुझ्यात काही बिघडलेलं नाही.

पण तुझ्या पत्रात काही गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस. त्या मला तपासून बघायच्या आहेत.

पहिली म्हणजे ‘पाच महिने झाले’. पाच महिने तू ब्राझीलमध्ये आहेस हे खरं. त्यातले पोर्तुगीजमध्ये किती गेले? सकाळी बहिणीबरोबर शाळेत, शाळेत तिच्या शेजारी, घरी तिच्यामार्फत आणि रात्री आईशी मराठीत. तुझ्या कानांवर पोर्तुगीज सतत पडतं आहे, पण तू त्याला उत्तर द्यावंस अशी वेळ दिवसातून जेमतेम काही मिनिटं येत असणार. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात. इंग्रजी भाषकांसाठी त्यांनी पोर्तुगीज सर्वांत सोप्या गटात ठेवली आहे. तरीही कामापुरती ती यायला साधारण सहा-सात महिने पूर्णवेळ वर्ग लागतात असं ते धरतात. म्हणजे मोठी माणसं, दुसरं काही काम नाही, समोर शिक्षक, आणि तरी एवढा वेळ. तू पाच महिन्यांत मागे पडलेली नाहीस. तुला सरावच मिळालेला नाही.

दुसरं गृहीत जास्त खोल आहे आणि ते वक्तृत्वातून आलं असावं अशी मला शंका आहे. वक्तृत्वात आधी भाषण लिहायचं, पाठ करायचं, आवाज बसवायचा आणि मग व्यासपीठावर जायचं. जेवणाच्या टेबलावर तू हेच करते आहेस. मनात वाक्य जुळवायचं, क्रियापदाचं रूप तपासायचं, शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते आठवायचं. तोवर विषय फुटबॉलवरून शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर गेलेला असतो. मग तुझं नीट बांधलेलं वाक्य तुझ्याजवळच राहतं. घरच्या गप्पांमध्ये कुणी पूर्ण वाक्यं बोलतच नाही. अर्धं बोलतात, मध्येच तोडतात, हातवारे करतात. तिथे परीक्षक बसलेले नाहीत.

ब्राझील सरकार परदेशी लोकांच्या पोर्तुगीजची ‘सेल्पी-ब्रास’ नावाची परीक्षा घेतं, ती कशी असते ते बघ. व्याकरणाचे सुटे प्रश्न नाहीत, पर्यायांतून निवडा नाही. एक व्हिडिओ बघून, एक ध्वनिमुद्रण ऐकून आणि दोन मजकूर वाचून चार लेखी कामं करायची: एखादं पत्र, एखादी सूचना, अशी. आणि मग साधारण 20 मिनिटं समोरासमोर गप्पा. सांगायचं ते समोरच्यापर्यंत पोचलं का आणि प्रसंगाला शोभेल असं पोचलं का, हे तिथे पाहतात. सरकारी परीक्षा जर हे मोजते, तर तुझ्या होस्ट आईच्या टेबलावर तू स्वतःला त्याहून कडक मापाने का मोजतेस?

आता त्या मार्चमधल्या हशाबद्दल. तू नेमका शब्द लिहिलेला नाहीस, पण नारळपाणी म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. नारळाला पोर्तुगीजमध्ये ‘कोकू’ म्हणतात, आणि जोर पहिल्या अक्षरावर असतो. जोर शेवटच्या अक्षरावर गेला की ‘कोको’ होतो आणि त्याचा अर्थ शी. ब्राझीलमध्ये आलेल्या परदेशी माणसांची ही अगदी ठरलेली चूक आहे. मराठीत अक्षरावरचा जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो फरक टिपायला शिकलेलाच नसतो. आजी-आजोबांचंही तसंच आहे: ‘आव्हॉ’ म्हणजे आजी आणि ‘आव्हो’ म्हणजे आजोबा. फरक फक्त तोंड किती उघडलं याचा. तेव्हा ही चूक पुन्हा होईल, दुसरीही होईल. सतरा वर्षांची पोरं ‘मी शीचं पाणी प्यायले’ ऐकून हसणार नाहीत तर काय करतील? तुझ्या वर्गात तामिळनाडूहून आलेली मुलगी मराठीत असं काही बोलली असती तर तूही हसली असतीस, आणि त्या हसण्यात तिच्याबद्दल वाईट काही नसतं. माझा सल्ला थोडा धीट आहे: तो किस्सा आता तूच सांग. एखाद्या जेवणाच्या वेळी, मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये, आजीला. तो तुझा किस्सा झाला की तो तुला बोचणार नाही. आणि ज्याला जेवणाच्या टेबलावर लोकांना हसवता येतं, त्याला कुणी शांत म्हणत नाही.

एक फरक मात्र ठेव. कुणी मुद्दाम, पुन्हापुन्हा तुझ्या उच्चारांची नक्कल करत असेल, तुझ्या रंगावरून किंवा देशावरून बोलत असेल, तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. ते शिक्षिकेला आणि कोऑर्डिनेटरला सांगायचं.

तिसरी गोष्ट तुला थोडा दिलासा देणारी आहे. तू जे पुस्तकातून किंवा अ‍ॅपवरून शिकून गेलीस आणि मिनासमध्ये जे ऐकतेस, त्यात मोठं अंतर आहे. मिनासचे लोक शब्दांची शेपटं गिळतात, यावर ब्राझीलभर विनोद चालतात. ‘व्होसे’चं ‘से’ होतं, ‘इस्ता’चं ‘ता’ होतं, दोन-तीन शब्द एकमेकांत मिसळून जातात, आणि ‘त्रेंय’ म्हणजे आगगाडी हा शब्द कुठल्याही वस्तूसाठी वापरतात. तेव्हा तुझा कान मठ्ठ नाही. त्याला जरा अवघड ठिकाणी शिकावं लागतंय एवढंच. उलट बोलायला ही बोली पुस्तकापेक्षा सोपी आहे. पुस्तकात क्रियापदाची सहा रूपं पाठ करायला लावतात. घरात ‘आम्ही’साठी लोक बहुतेक वेळा ‘आ जेंची’ म्हणतात आणि त्याला ‘तो’ किंवा ‘ती’चंच रूप लागतं. म्हणजे वर्तमानकाळात तीन रूपं आली की काम भागतं: मी बोलते, ‘एउ फालु’, तू, तो, ती, आपण या सगळ्यांना ‘फाला’, आणि ते किंवा तुम्ही अनेकजण असाल तर ‘फालांउं’. ‘मी’चा भविष्यकाळ सांगायला ‘व्होउ’ म्हणून पुढे मूळ क्रियापद ठेवलं की झालं. ते तक्ते बाजूला ठेव आणि या तीन रूपांवर दोन महिने काढ.

त्याहून महत्त्वाचे आहेत ते बारीक शब्द. ‘पेराइ’ म्हणजे थांब जरा. ‘एंताउं’ म्हणजे तर, मग. ‘चीपु’ म्हणजे आपलं ‘म्हणजे कसं की’. ‘ने’ म्हणजे हो ना. आणि ‘नॉसा’, जे आश्चर्यापासून सहानुभूतीपर्यंत कुठेही चालतं. वाक्य जुळेपर्यंत हे शब्द तुझी जागा धरून ठेवतात. तू ‘पेराइ, पेराइ’ म्हणून हात वर केलास की टेबल थांबेल. तू नुसती विचार करत बसलीस तर ते थांबणार नाही, कारण तू बोलणार आहेस हे त्यांना कळतच नाही. तुझ्या मनातला गलका त्यांना ऐकू येत नाही, दिसते ती फक्त ताटाकडे बघणारी मुलगी. ‘शांत’ हे नाव तिथून पडलंय आणि तुझ्या होस्ट आईने ते प्रेमाने, तुला सांभाळून घेण्यासाठी वापरलं असावं.

आता बहीण. तिच्याबद्दल तू फार जपून लिहिलं आहेस, पण ओळींमधून थोडा राग दिसतो. तो राग तिच्यावर काढू नकोस आणि दाबूनही ठेवू नकोस. तिचा विचार कर: तिच्या घरी एक मुलगी आली, पहिल्या आठवड्यात बावरलेली. हिने इंग्रजीत हात दिला. तुम्हा दोघींची मैत्रीच इंग्रजीत जुळली, आणि एकदा एका भाषेत जुळलेलं नातं दुसऱ्या भाषेत न्यायला दोघींनाही संकोच वाटतो. शिवाय ती तिसऱ्या वर्षाला आहे. ब्राझीलमध्ये हे वर्ष ‘एनेम’चं असतं. नोव्हेंबरमध्ये साधारणपणे दोन रविवारी ही परीक्षा होते, 180 प्रश्न आणि एक निबंध, आणि विद्यापीठातला प्रवेश बऱ्याच अंशी त्यावर ठरतो. तुझ्यासाठी दुभाष्याचं काम करणं हा तिच्यावरही भारच असणार. तिला एकटीला गाठ, इतरांसमोर नको. मिनासमध्ये तोंडावर नकार देणं लोकांना जड जातं. आधी मनापासून आभार मान आणि मग सांग: आजपासून माझं बोलणं तू सांगू नकोस, मी अडले तर फक्त तो एक शब्द सांग. त्याबदल्यात रोज रात्री अर्धा तास आपण इंग्रजीत बोलू, तुला एनेमच्या इंग्रजीसाठी हवं असेल तर ते वाचू. ही देवाणघेवाण तिला आवडेल असं मला वाटतं. आणि मग होस्ट आईलाही तिच्या देखत सांग. पहिला आठवडा सगळ्यांनाच त्रासाचा जाईल. बहीण सवयीने तुझं वाक्य पुरं करेल. तेव्हा हसून ‘पेराइ’ म्हणायचं.

वर्गाबद्दल मला शाळेचीच व्यवस्था खटकते. बहीण आहे म्हणून तुला तिसऱ्या वर्षाला बसवलं, सोयीचं वाटलं असेल, पण ती मुलं या वर्षी नव्या मैत्रिणी करायला मोकळी नाहीत. दुपारी शिकवणी, शनिवारी सराव परीक्षा. ‘वामुस मार्कार’ म्हणून न भेटण्यात अर्धा भाग हा आहे. उरलेला अर्धा भाग असा की हे वाक्य तिथे निरोप घेताना म्हणतात, त्याचा अर्थ ‘तू मला आवडतेस’ एवढाच असतो. ‘कधीतरी घरी ये’ हेही तसंच. हे खोटं बोलणं नव्हे; आमंत्रणाला जोवर वार, वेळ आणि जागा नाही तोवर ते आमंत्रण धरत नाहीत. मग वार आणि वेळ तू दे. ‘शनिवारी चारला आइस्क्रीम खायला येतेस?’ एवढं वाक्य तुला आत्ताही येतं. चारजणींना विचारलं तर एखादी येईल. आणि कोऑर्डिनेटरकडे कुटुंब बदलण्याआधी वर्ग बदलण्याची मागणी कर: ऑगस्टपासून दुसऱ्या किंवा पहिल्या वर्षाला. त्या मुलांकडे वेळ असतो, आणि तिथे शेजारी बहीण नसेल.

मोबाइलच्या कायद्याचाही तुला फायदा आहे. जानेवारी 2025 मध्ये ब्राझीलने देशभरातल्या शाळांत मोबाइल वापरण्यावर बंधन घातलं, अगदी मधल्या सुट्टीतही. तुला त्यामुळे भाषांतराचं अ‍ॅप मिळत नाही म्हणून अडचण वाटत असेल. (शिकण्यासाठी शिक्षकाने परवानगी दिली तर चालतं, तेव्हा तासाला गरज असेल तर विचार.) पण सुट्टीत मुलं मान खाली घालून बसलेली नाहीत, हा केवढा फायदा आहे. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत जाऊन उभी राहा. पत्ते चालत असतील तर ‘त्रुकू’ शिकून घे. जोडीने खेळायचा, थापा मारायचा, खेळाचं नावच मोठ्याने ओरडून समोरच्याला आव्हान द्यायचा हा खेळ आहे. त्याला मोजके शब्द लागतात आणि भरपूर आवाज लागतो. आवाज तुझ्याकडे आहे.

आणि हा जून आहे! तुझ्या शाळेत फेस्ता जुनिनाची तयारी चालू असणार. सेंट अँथनी 13 तारखेला, सेंट जॉन 24 ला, सेंट पीटर 29 ला. या तीन संतांच्या दिवसांभोवती महिनाभर शेकोट्या, मक्याचे पदार्थ, चौकड्यांचे शर्ट, ठिगळं लावलेले झगे असा सण चालतो. अनेक ठिकाणी तो जुलैतही लांबतो. त्यात ‘क्वाद्रिल्या’ नावाचं समूहनृत्य असतं. एकजण पुकारत जातो आणि जोड्या त्याप्रमाणे वळतात, थांबतात, उलट फिरतात. पुकारे जुन्या फ्रेंच शब्दांवरून झालेले आहेत, ते ब्राझिलियन मुलांनाही तालमीतच शिकावे लागतात. मध्येच तो ओरडतो ‘पाऊस आला!’ आणि सगळे मागे वळतात, मग तो म्हणतो ‘खोटं आहे!’ आणि सगळे पुन्हा पुढे. त्या तालमीत तू इतरांइतकीच नवशिकी असशील. उद्याच नाव दे. जोड्या पुऱ्या झाल्या असतील तर सजावटीला, खाण्याच्या स्टॉलवर, कुठेही. ‘पाच रियाल’, ‘सुट्टे आहेत का’, ‘संपलं’, ‘पुढचं कोण’ ही वाक्यं एका संध्याकाळी पन्नासदा बोललीस की ती आयुष्यभर तोंडात बसतील.

आता तो रात्रीचा फोन. भारत तुझ्यापेक्षा साडेआठ तास पुढे आहे. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आईचे सकाळचे सहा. तिला ती वेळ बरी पडते, तुलाही झोपण्याआधी तिचा आवाज हवासा वाटतो. पण ब्राझीलमध्ये त्याच वेळेला नऊची मालिका लागते आणि ती बघायला घरातले सगळे, तू लिहिलंस त्याप्रमाणे आजीसकट, एका खोलीत जमतात. दिवसातली सगळ्यात सोपी, उत्तर न देता बसता येईल अशी वेळ तू खोलीत काढतेस. मालिकेतली माणसं एकच गोष्ट तीनदा सांगतात, रडतात, भांडतात, चेहऱ्यावरून अर्धं कळतं. आणि जाहिरात लागली की आजीला विचारायचं: तो का रडतोय? आजी सांगेल, सावकाश सांगेल, दोनदा सांगेल.

खरं तर तुझ्या पत्रातली माझी सगळ्यात मोठी आशा ती आजी आहे आणि तू तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहेस. तिला इंग्रजी येत नाही. तिला घाई नाही. शाळा दुपारपर्यंत सुटते, बहीण अभ्यासाला बसते, आई-बाबा कामावर, आणि तू खोलीत. त्या दुपारी अंगण ओलांडून जा. दारात ‘कोंम लिसेंसा’, म्हणजे ‘आत येऊ का’, म्हण आणि तिला पाउं जि केइजू, म्हणजे चीजचे छोटे पाव, करायला शिकव म्हणून सांग. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कसाव्याचा स्टार्च, मिनासचं चीज, अंडी, दूध, तेल. (अंडं खात नसशील तर नुसती मळायला मदत कर.) पीठ मळताना कुणी क्रियापदं तपासत नाही. हे ओत, ते दे, अजून थोडं, पुरे, हाताला चिकटतंय: ही खरी भाषा आहे. ‘भाषा आली की मी या घरातली होईन’ असं तुझं गणित आहे. मला ते उलट चालताना दिसतं. घरात एखादं काम तुझं झालं, दुपारचा पाव आणायचं, कुत्र्याला फिरवायचं, आजीच्या ओट्यावर बसून चीज किसायचं, की तुझ्याशी बोलल्याशिवाय त्यांचं चालत नाही आणि तुझंही चालत नाही.

अशा जागी असलेल्या इतर मुलामुलींनाही हेच सांगेन. पोर्तुगालमध्ये असलात तर उच्चार वेगळे असतील, घरात आजी नसेल तर लहान भाऊ असेल. तीन-चार वर्षांचं मूल हा उत्तम शिक्षक असतो; ते चुका दुरुस्त करतं आणि लगेच विसरतं. घरात जो सगळ्यात मोकळा आहे त्याच्याजवळ जा.

कुटुंब बदलण्याचा प्रश्न. काही कार्यक्रमांत, उदाहरणार्थ रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये, एकाहून अधिक कुटुंबांत राहणं ही रीतच आहे, त्यामुळे बदल म्हणजे अपमान असं कुणी मानत नाही. इंग्रजी न येणाऱ्या घरात तुझं पोर्तुगीज झपाट्याने सुधारेल यात शंका नाही. पण तिथेही तू पहिले दोन महिने अनोळखी असशील, वर्ष निम्मं संपलेलं असेल, आणि पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत गप्प राहायची सवय तुझ्याबरोबरच येईल. आत्ता जी माणसं तुझ्यावर माया करतात त्यांना सोडण्याचं तुझ्या पत्रात मला एकच कारण दिसतं, बहिणीचं इंग्रजी, आणि ते एका संभाषणाने सुटण्यासारखं आहे. म्हणून आत्ता नको. ऑगस्ट संपेपर्यंत वर सांगितलेलं करून बघ. बहिणीने जमवूनच घेतलं नाही, घरात तू फक्त पाहुणीच राहिलीस, तर बिनदिक्कत बदल माग.

याला अपवाद आहे आणि तो वाचणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. घरात कुणाचा स्पर्श किंवा बोलणं नकोसं वाटत असेल, दार लावून झोपायची भीती वाटत असेल, पोटभर जेवण मिळत नसेल, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतला असेल, तर ऑगस्टची वाट बघायची नाही, भाषेचा विचार करायचा नाही. त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला आणि घरी सांगायचं. तेही ऐकत नसतील तर ब्राझीलमध्ये 100 या क्रमांकावर मुलांच्या हक्कांसंबंधी तक्रार घेतात, आणि पोलिसांचा क्रमांक 190.

परत जाणं हा पर्याय मी उडवून लावणार नाही. काही मुलांना परत जाणंच योग्य असतं: झोप उडालेली, जेवण सुटलेलं, रोज रडू येत असलेलं. तसं असेल तर ते मला न लिहिता कोऑर्डिनेटरला आणि डॉक्टरला सांग. तुझ्या पत्रात मला ते दिसलं नाही. मला एक चिडलेली मुलगी दिसली, जिला बोलायचं आहे. अशा मुलीने आत्ता परत जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आणि हा निर्णय रात्री, फोन ठेवल्यानंतर, कधीही घेऊ नकोस.

राहिले आई-बाबा. खर्चाचं ओझं तू एकटी वाहते आहेस. त्यांनी ते तुझ्यावर टाकल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. त्यांना खरं सांग: पोर्तुगीज अजून येत नाही, कारण मी बोलतच नव्हते, आता सुरुवात करते आहे. आणि त्यासाठी रोजचा फोन बंद करून आठवड्यातून दोनदा बोलू या. शनिवारी तुझ्या सकाळी नऊला त्यांचे संध्याकाळचे साडेपाच असतात, घरात सगळे जागे, निवांत. मधल्या दिवसांत एखादा छोटा ऑडिओ पाठव. पहिले काही दिवस आईलाच जास्त जड जाईल, तेव्हा हे पत्र तिलाही वाचायला दे. आई, तुमच्यासाठी एवढंच: ‘आज बोललीस का पोर्तुगीजमध्ये?’ असं तिला विचारू नका, तो परीक्षेचा प्रश्न होतो. आजीने आज काय केलं, मालिकेत कोण रडलं, क्वाद्रिल्यात जोडीदार कोण आहे, हे विचारा. त्याची उत्तरं द्यायला तिला दिवसभर कुणाशी तरी बोलावंच लागेल.